भट्टीवरचें छप्पर

स्कॉटलंडच्या ईशान्य भागांत स्पे नांवाची एक वेगवान नदी आहे. तिच्या दोनही तीरांवर जवाचीं शेतें, भूर्जवृक्षांच्या राया आणि त्यांमागें हेदरच्या झुडपांनीं झांकलेल्या जांभळ्या टेकड्या आहेत. या सर्वस्वीं पाश्चात्त्य देखाव्यांत प्रवाशाच्या दृष्टीस मधूनमधून एक विलक्षण वस्तु पडते. करड्या दगडाच्या, साध्या, जवळजवळ ओबडधोबड अशा इमारतींच्या समूहांतून एक उंच निमुळतें छप्पर वर आलेलें असतें. आणि त्याच्या शिखरावर, चारी बाजूंनीं मोकळी व कडांशीं किंचित् वर वळलेली अशी एक लहानशी छत्री बसविलेली असते. चीन किंवा जपान देशांतील एखाद्या बौद्ध मंदिराचा माथा या थंड व कडक शिस्तीच्या देशांत कोणीं आणून ठेविला, असा प्रश्न नवख्या मनुष्यास पडल्यावांचून राहात नाहीं. तेथील लोकही त्या छपरास 'पॅगोडा' असेंच म्हणतात. परंतु त्या छत्रीखालीं देव नाहीं. एके काळीं तेथें धूर होता. तें व्हिस्की तयार करण्याच्या कारखान्याचें, म्हणजे डिस्टिलरीचें, छप्पर होय.

मद्याविषयीं ज्याचें त्याचें मत कांहींही असो. आणि ज्या घरांत हें भाषण ऐकलें जाईल त्यांपैकीं पुष्कळ घरांत तें प्रतिकूलच असेल. तथापि किल्ला पाहण्यासाठीं युद्धाची आवड असावी लागत नाहीं, तशीच डिस्टिलरीची इमारत समजून घेण्यासाठीं मद्याची आवड असण्याचें कारण नाहीं. या इमारतीस तीन धन्यांनीं आकार दिला: एक धान्य, दुसरें पाणी आणि तिसरा सरकारचा करवसुली अधिकारी. या तिघांच्या मागण्या पुरवितां पुरवितां जी वास्तु सहज घडत गेली, तिलाच आज स्कॉटलंड देश आपला वारसा म्हणून मिरवितो. आणि तेथेंच एक कठीण प्रश्न उभा राहतो. इमारत ज्या कामासाठीं बांधली तें काम तिच्यांतून निघून गेलें, तर तिच्या भिंती व छप्पर राखून आपण नक्की काय राखतों?

'व्हिस्की' हा शब्द गेलिक भाषेंतील 'उश्के बाहा' या शब्दांवरून आला असून त्याचा अर्थ 'जीवनजल' असा आहे. स्कॉटलंडच्या राजदरबारच्या 1494 सालच्या हिशेबांत, चौथ्या जेम्स राजाच्या आज्ञेवरून जॉन कॉर नांवाच्या भिक्षूस जीवनजल करण्यासाठीं आठ बोल माल्ट दिल्याची नोंद आहे. या धंद्याचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा मानतात. परंतु त्यानंतर सुमारें तीन शतकें या धंद्यास स्वतःची अशी इमारत नव्हती. शेतकऱ्याच्या घरामागें गोठ्याशेजारीं एक लहानसा तांब्याचा भबका असे; हिवाळ्यांत शेतीचें काम थांबलें, कीं उरलेल्या जवाची दारू काढीत, आणि राहिलेला चोथा गुरांना घालीत. 1644 सालीं स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें या मद्यावर प्रथम कर बसविला. पुढें तो वाढत गेला, तसतसा भबका घरांतून निघून डोंगरांत गेला. झऱ्याच्या कांठीं, दगडांच्या आडोशाला, माती व गवत यांनीं झांकलेल्या झोंपडींत रात्रीं भट्टी पेटे. त्या झोंपडीच्या रचनेंत सर्वांत अवघड प्रश्न एकच होता, आणि तो म्हणजे धूर कसा लपवावा.

1823 सालच्या कायद्यानें ही स्थिति पालटली. वर्षास दहा पौंड परवाना-शुल्क आणि तयार होणाऱ्या प्रत्येक गॅलनवर बेताचा कर, अशी सोपी व्यवस्था या कायद्यानें घालून दिली. गॉर्डनचा ड्यूक हा मोठा जमीनदार या सुधारणेचा पुरस्कर्ता होता. आणि त्याच्याच कुळांपैकीं ग्लेनलिव्हेट खोऱ्यांतील जॉर्ज स्मिथ यानें 1824 सालीं परवाना घेतला. चोरट्या धंद्यावर जगणाऱ्या शेजाऱ्यांनीं त्याची डिस्टिलरी त्याच्यासकट जाळून टाकण्याची धमकी दिली, तेव्हां ॲबरलूरच्या जमीनदारानें त्यास दोन पिस्तुलें दिलीं, आणि पुढें पुष्कळ दिवस तीं कमरेस लावूनच स्मिथ हिंडत असे. कायदा पाळण्यासाठीं शस्त्र बाळगावें लागावें, असा तो काळ होता. परंतु स्मिथ टिकला, त्याच्या मागोमाग दुसरे आले, आणि ज्या धंद्यास आजवर लपावें लागत होतें त्यास आतां भिंती, दार, कुलूप आणि पाटी हीं सारीं मिळालीं. धूर लपविण्याचें कारण उरलें नाहीं.

अशा डिस्टिलरीची रचना समजून घ्यावयाची असेल, तर जवाच्या दाण्याबरोबर चालत जावें, हा सोपा मार्ग होय. शेतांतून आलेला जव प्रथम माडीवर सांठवितात. तेथून तो खालीं हौदांत उतरवून दोनतीन दिवस भिजत ठेवतात, आणि मग एका लांबलचक, ठेंगण्या दालनाच्या जमिनीवर पसरतात. या दालनाचें छत ओतीव लोखंडाच्या खांबांवर तोललेलें असतें, आणि भिंतींत लहान लहान खिडक्या असतात. कारण दाण्यास मोड यावयाचे तर गारवा हवा, पण थंडीचा कडाका नको. मोड येतांना दाणा तापतो, आणि तसाच पडून राहिला तर मुळ्या एकमेकींत गुंतून त्याचें घोंगडें होतें. म्हणून मजूर लांकडी फावड्यांनीं तो रात्रंदिवस उलटापालट करीत. या श्रमानें त्यांचा एक खांदा आंखडून खालीं उतरे. त्या व्याधीस ते थट्टेनें 'माकडखांदा' म्हणत. ज्या दालनाचें सौंदर्य पाहून आजचा प्रवासी स्तिमित होतो, त्या दालनाची ही दुसरी बाजू विसरतां येत नाहीं.

सुमारें आठवड्याभरांत दाण्यांतील पिठाची साखर होण्याची तयारी पुरी होते. त्याच क्षणीं मोड थांबविला नाहीं, तर रोपटें ती साखर स्वतःच खाऊन टाकील. म्हणून ओला दाणा वाळवणभट्टींत नेतात. ही भट्टी म्हणजे खालीं आग, तिच्यावर बऱ्याच उंचीवर छिद्रें असलेली जमीन, आणि त्या जमिनीवर पसरलेला दाणा. भोंवतालच्या पाणथळ रानांत शतकानुशतकें कुजून साठलेल्या वनस्पतींची काळी माती असते. तिला पीट म्हणतात. तिच्या विटा कापून, वाळवून आगींत घालीत, आणि तिचा धूर दाण्यांत शिरे. ज्या छपराविषयीं हें भाषण आहे तें याच भट्टीवरचें छप्पर होय. दारू गाळण्याच्या भबक्याशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं.

येथून पुढें दाणा भरडतात, मोठ्या पिंपांत गरम पाण्यानें त्याचा गोड रस काढतात, आणि तो पुरुषभर उंचीहून कितीतरी खोल अशा लांकडी पिंपांत आंबवितात. नंतर तो तांब्याच्या भबक्यांत बहुधा दोन वेळां गाळतात. भबक्याची मान उंच असली तर अर्क हलका होतो, आंखूड असली तर जड होतो. म्हणून जुना भबका झिजला, कीं नवा अगदीं त्याच मापाचा घडवितात. जुन्याला पडलेला पोचाही नव्यांत जसाच्या तसा उठवीत असत, अशी गोष्ट या धंद्यांत सांगतात. भबक्याची वाफ पूर्वीं इमारतीबाहेरच्या थंड पाण्याच्या हौदांत बुडविलेल्या तांब्याच्या वेटोळ्यांतून नेत. कांहीं ठिकाणीं अद्यापिही नेतात. वाहतें थंड पाणी हाताशीं हवें, म्हणून जवळजवळ प्रत्येक जुनी डिस्टिलरी ओढ्याच्या किंवा नदीच्या कांठींच सांपडते. भबकाघरांत पितळेची चौकट व कांचेच्या भिंती असलेली एक पेटी असते. गाळलेला अर्क तिच्यांतून वाहतो. कारागीर तो पाहूं शके, पण त्यास स्पर्श करूं शकत नसे. कारण पेटीच्या कुलपाची किल्ली करवसुली अधिकाऱ्याच्या कमरेस असे. या अधिकाऱ्यास आवारांतच घर व कचेरी देण्याची वहिवाट होती. म्हणून मालकाचें घर, कामगारांच्या चाळी आणि सरकारी माणसाचें घर, अशीं तीनही एकाच अंगणाभोंवतीं दिसतात. डिस्टिलरी हें खरोखर एक लहानसें गांवच होतें.

या गांवाचा शेवटचा आणि सर्वांत शांत भाग म्हणजे गोदामें. जाड दगडी भिंती, मातीची जमीन, लहान खिडक्या आणि तीन थरांपर्यंत रचलेलीं ओक लांकडाचीं पिंपें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत, 1915 सालीं, व्हिस्की निदान दोन वर्षें मुरविल्यावांचून विकूं नये असा कायदा झाला, आणि पुढच्याच वर्षीं ही मुदत तीन वर्षांची करण्यांत आली. त्यामुळें गोदाम ही सोय न राहतां कायद्यानें आवश्यक अशी वास्तु झाली. लांकडांतून दर वर्षीं सुमारें शेंकडा दोन भाग मद्य हवेंत उडून जातें. त्यास तेथील लोक 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. या वाफेवर एक काळी बुरशी वाढते आणि गोदामांच्या भिंती, छपरें व आसपासचीं झाडेंसुद्धां काजळी धरल्यासारखीं करून टाकते. 2007 सालीं या बुरशीस बॉडोइनिया असें शास्त्रीय नांव मिळालें. आपल्या गोमंतकांत कुंकळ्ळी येथें आतां याच पद्धतीनें जवाची व्हिस्की होते. तेथील उष्ण हवेंत देवदूतांचा वाटा स्कॉटलंडच्या कित्येक पट होतो, आणि म्हणून पिंपांचें मुरणेंही लवकर उरकावें लागतें. एकच क्रिया, परंतु हवा निराळी म्हणून काळाचें मापही निराळें.

आतां पुन्हां त्या छपराकडे वळावयास हरकत नाहीं. 1889 सालच्या मे महिन्यांत, स्पे नदीकांठच्या डेल्यूएन या डिस्टिलरीसाठीं एका स्थापत्यविशारदानें भट्टीच्या धुराड्याची नवी आकृति काढली. त्याचें नांव चार्ल्स क्री डॉइग. तो 1855 सालीं जन्मला, एल्गिन शहरांत त्याची कचेरी होती आणि 1918 सालीं तो वारला. त्यापूर्वींच्या भट्ट्यांवर साधीं शंकूच्या आकाराचीं छपरें व वाऱ्याबरोबर फिरणाऱ्या टोप्या बसवीत. वारा उलटा आला, कीं धूर आंत कोंडे, आणि दाण्यास नको इतका लागे. डॉइगनें छप्पर अधिक उभें केलें, म्हणजे तापलेली हवा निमुळत्या पोकळींतून वेगानें वर जाईल. वर फिरणारें कांहींच न ठेवतां, चारी बाजूंस मोकळी अशी चौकोनी खोपी व तिच्यावर रुंद, पुढें आलेलें, बाक दिलेलें झांकण बसविलें. पाऊस आंत येईना. आणि वारा कोणत्याही दिशेचा असो, तो खोपींतून आडवा जातांना धूर ओढून नेऊं लागला. या युक्तीस धंद्यांत 'डॉइगचें वायुवीजन' असेंच म्हणत. मंदिराचा माथा म्हणून जें आज दिसतें तें मुळांत धुराचें गणित होतें.

या एका छपरानें डॉइगचा लौकिक झाला, आणि पन्नासांहून अधिक डिस्टिलऱ्यांच्या बांधणींत वा पुनर्रचनेंत त्याचा हात लागला. काळही अनुकूल होता. 1831 च्या सुमारास, पूर्वीं आयर्लंडांत करवसुली खात्याचा अधिकारी असलेल्या ईनिअस कॉफी यानें अखंड चालणारें ऊर्ध्वपातन-यंत्र रूढ केलें होतें. त्यांतून निघणारी हलकी, स्वस्त व्हिस्की आणि डोंगरांतील जड व्हिस्की यांचें मिश्रण शहरांत लोकप्रिय झालें. फ्रान्समधील द्राक्षमळे फायलॉक्सेरा नांवाच्या किडीनें उद्ध्वस्त झाले, ब्रँडी दुर्मिळ झाली आणि व्हिस्कीस बाजार मोकळा सांपडला. 1863 सालीं स्पेच्या खोऱ्यांत आगगाडी पोंचली होतीच. 1890 नंतरच्या दहा वर्षांत स्कॉटलंडांत तीसांच्या वर नव्या डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्यांपैकीं बहुतेक या खोऱ्यांतच होत्या. त्या नव्या छपरांवर डॉइगची छत्री चढूं लागली.

आणि मग, अशा भरभराटीच्या काळांत बहुधा होतें तेंच झालें. लीथ बंदरांतील रॉबर्ट व वॉल्टर पॅटिसन हे दोन बंधु मिश्रणाच्या व्यापारांत अग्रेसर होते. जाहिरातीसाठीं त्यांनीं शेंकडों पोपट आपल्या व्हिस्कीचें नांव घ्यावयास शिकवून दुकानदारांना वांटले, असें सांगतात. कर्जावर कर्ज काढून आणि मालाच्या किंमती कागदावर फुगवून त्यांनीं हा डोलारा उभारला होता. 1898 सालच्या डिसेंबरांत तो कोसळला. 1901 सालीं दोघांसही कपटाबद्दल तुरुंगवास झाला. परंतु त्यांना उधार माल देणारे कित्येक निरपराधी व्यापारी त्यापूर्वींच बुडाले होते. गोदामें भरलेलीं, गिऱ्हाईक नाहीं, अशी स्थिति झाली. त्या वेळीं डॉइगच्या देखरेखीखालीं ग्लेन एल्गिन ही डिस्टिलरी बांधली जात होती. तिचा मूळ आराखडा कापून लहान करावा लागला. 1900 सालीं ती सुरू झाली आणि थोड्याच महिन्यांत बंद पडली. पुढलीं पन्नास वर्षें तरी या खोऱ्यांत दुसरी डिस्टिलरी होणार नाहीं, असें भाकित डॉइगनें त्या वेळीं केलें. तें जवळजवळ अक्षरशः खरें ठरलें. त्यानंतरची नवी डिस्टिलरी म्हणजे टॉर्मोर. तिचें बांधकाम 1958 सालीं सुरू झालें, आणि तिचा आराखडा रॉयल ॲकॅडमीचे माजी अध्यक्ष सर ॲल्बर्ट रिचर्डसन यांनीं काढला. डॉइग तें पाहावयास नव्हता. डेल्यूएनच्या ज्या छपरानें त्यास कीर्ति दिली, तेंही 1917 सालच्या आगींत जळून गेलें होतें.

परंतु तोपर्यंत त्या आकृतीनें आपला प्रवास सुरू केला होता. 1918 सालीं मासाताका ताकेत्सुरु नांवाचा एक जपानी तरुण रसायनशास्त्र शिकण्यासाठीं ग्लासगोस आला. स्पेच्या खोऱ्यांतील लाँगमॉर्न आणि कॅम्पबेलटाउन येथील हेझलबर्न या डिस्टिलऱ्यांत उमेदवारी करून त्यानें पाहिलें तें सर्व वह्यांत आकृत्यांसह टिपून घेतलें. रिटा कोवन या स्कॉटिश मुलीशीं 1920 सालीं विवाह करून तो मायदेशीं परतला, आणि 1934 सालीं जपानच्या उत्तरेस होक्काइडो बेटावर, योइची येथें, त्यानें आपली डिस्टिलरी काढली. तिच्या भट्टीवर त्यानें तेंच निमुळतें छप्पर व तीच छत्री चढविली. ज्या आकृतीस स्कॉटलंडांतील लोक पूर्वेकडील मंदिराचें नांव देत होते, ती अशा रीतीनें स्कॉटलंडांतून पूर्वेकडे गेली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्र या छपराखालची आग विझूं लागली. हातानें दाणा उलटण्याचें काम महाग पडूं लागलें; मोड आणण्याचीं मोठालीं यांत्रिक केंद्रें निघालीं, आणि एकेका केंद्रांतून अनेक डिस्टिलऱ्यांना तयार माल्ट गाडीनें पुरवितां येऊं लागला. आयला बेटावर पोर्ट एलन येथें 1973 सालीं असेंच केंद्र सुरू झालें. बहुतेक ठिकाणच्या मोड आणण्याच्या दालनांत पुढें कचेऱ्या, गोदामें वा पाहुण्यांच्या बैठकी झाल्या. आपल्याला लागणारा सारा दाणा अद्यापि आपल्याच जमिनीवर मोडास आणणारी कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक ही आतां अपवाद म्हणून दाखवितात. आणि ज्या कॅम्पबेलटाउनांत एके काळीं वीसांहून अधिक डिस्टिलऱ्या होत्या तेथें आज बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. पुष्कळ छपरें उभीं राहिलीं, पण त्यांतून धूर निघेनासा झाला. आणि गंमत ही, कीं धूर थांबल्यावरच तें छप्पर या धंद्याचें बोधचिन्ह झालें. 1995 सालीं ॲरन बेटावर लॉक्रांझा येथें जी नवी डिस्टिलरी निघाली, तिच्या माथ्यावर हीच छत्री शोभेसाठीं बसविली. वस्तुतः तिच्याखालीं दाणा वाळविण्याचा हेतु मुळीं नव्हताच.

1983 सालीं मंदीमुळें अनेक डिस्टिलऱ्या एकदम बंद करण्यांत आल्या. त्यांपैकीं तिघींचें पुढें जें झालें, त्यांत आरंभीं काढलेल्या प्रश्नाचीं तीन निरनिराळीं उत्तरें सांपडतात.

पहिली फॉरेस गांवाजवळची डॅलस डू. डॉइगच्या आराखड्यावरून 1898–99 सालीं, म्हणजे पॅटिसन बंधूंच्या पतनाच्याच सुमारास, ती बांधली गेली. बंद झाल्यावर 1986 सालीं ती राष्ट्रीय वारशाच्या खात्यानें ताब्यांत घेतली, आणि 1988 सालीं प्रेक्षकांसाठीं उघडली. तेथील भट्टी, पिंपें व भबके जागच्या जागीं राखले गेले. जें इतरत्र सुधारणेच्या भरांत नाहींसें झालें, तें येथें काम थांबल्यामुळेंच वांचलें. परंतु तांबें थंड होतें. आंबलेल्या दाण्याचा वास नव्हता. माणसें होतीं तीं पाहणारीं होतीं, करणारीं नव्हतीं. तेथेंही पुन्हां उत्पादन सुरू करण्याचा संकल्प अलीकडे जाहीर झाला, यावरून ही उणीव राखणाऱ्यांनाही जाणवली असावी.

दुसरी आयला बेटावरची पोर्ट एलन. या बेटावरील जुन्या डिस्टिलऱ्या समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत. कारण जव व कोळसा गलबतांतून येई आणि भरलीं पिंपें गलबतांतून जात. खलाशांना दुरून ओळखतां यावें म्हणून पांढऱ्या भिंतींवर काळ्या अक्षरांत त्यांचीं नांवें पुरुषभर उंचीचीं काढलेलीं असतात. पोर्ट एलनचा बराचसा भाग पाडून टाकण्यांत आला. समुद्रकांठचीं पांढरीं गोदामें आणि निर्धूम छपरें तेवढीं राहिलीं. 2024 सालीं तेथें पुन्हां गाळणी सुरू झाली, पण ती कांचेच्या भिंतींच्या अगदीं नव्या भबकाघरांत. येथें जुन्या वास्तूचा सन्मान तिची नक्कल करून नव्हे, तर तिच्या शेजारीं उघडपणें नवें बांधून केलेला आहे.

तिसरी पूर्व किनाऱ्यावरची ब्रोरा. तिची कथा सर्वांत गंभीर आहे. 1819 सालीं स्टॅफर्डच्या मार्क्विसनें ती स्थापिली. हाच पुढें सदरलंडचा ड्यूक झाला. त्या वर्षांत त्याच्या जहागिरींतील अंतर्भागांतल्या खोऱ्यांतून शेंकडों कुळांना मेंढ्यांच्या कुरणांसाठीं हुसकून किनाऱ्यावर आणण्यांत येत होतें. त्यांनीं पिकविलेल्या जवास कायदेशीर गिऱ्हाईक मिळावें आणि तो चोरट्या भट्ट्यांकडे जाऊं नये, हा या डिस्टिलरीचा उद्देश होता. म्हणजे जी वास्तु आज देशाचा अभिमान म्हणून दाखविली जाते, तिच्या पायाखालीं घरें गमावलेल्या माणसांची आठवण आहे. बंद पडल्यावर अडतीस वर्षांनीं, 2021 सालीं, ती पुन्हां सुरू झाली. जीर्ण झालेलें भबकाघर उतरवून त्याच दगडांनीं पुन्हां बांधलें. जुने भबके तांबटांकडे पाठवून दुरुस्त केले. दगड तेच, तांबें तेंच, आणि आग पुन्हां पेटलेली. तिन्हींत हें उत्तर पूर्णतेच्या सर्वांत जवळ जातें. परंतु पूर्ण वारसा म्हणावयाचा तर त्यांत त्या कुळांचीही कथा सांगितली गेली पाहिजे. दगडांस जपणें सोपें आहे. दगड कोणाच्या श्रमानें व कोणाच्या दुःखावर बसले, हें जपणें अधिक कठीण आहे.

2018 सालीं स्पेच्या खोऱ्यांत मॅकॅलनची नवी डिस्टिलरी उघडली. रॉजर्स स्टर्क हार्बर या लंडनच्या स्थापत्यसंस्थेनें ती रचली आहे. तिच्यावर पॅगोडा नाहीं, करडा दगडही नाहीं; लांकडाच्या जाळीवर तोललेलें, टेकड्यांसारखें उंचसखल असें गवताचें छप्पर आहे, आणि त्याच्याखालीं छत्तीस भबके वर्तुळांत मांडलेले आहेत. जुन्या वळणाच्या माणसास ती पाहून प्रथम चुकल्यासारखें वाटेल. परंतु डॉइगही आपल्या काळीं नवीनच होता. आपलें छप्पर शंभर वर्षांनीं मुद्रेवर व बाटलीवर छापलें जाईल, यासाठीं त्यानें तें वळविलें नव्हतें. धूर नीट बाहेर जावा यासाठीं वळविलें होतें. त्यांतील प्रामाणिकपणा हाच त्याच्या सौंदर्याचा उगम होय.

डॅलस डू येथील निर्धूम छप्पर, ब्रोराचे पुन्हां रचलेले दगड आणि मॅकॅलनचें गवत यांकडे एकत्र पाहिलें, म्हणजे वारशाचा अर्थ थोडा स्पष्ट होतो. आकार राखला आणि काम गमावलें तर मागें चिन्ह उरतें. काम राखलें आणि आकार बदलला तर परंपरा चालते, पण तिचा चेहरा हरवतो. दोहोंचा मेळ घालणें खर्चाचें व चिकाटीचें काम आहे, आणि तें क्वचितच साधतें. स्पेच्या कांठचा प्रवासी संध्याकाळीं त्या छत्रीकडे पाहील, तेव्हां तिच्यांतून धूर निघत नाहीं हें त्याच्या लक्षांत यावें, आणि तो कां निघत नाहीं असें त्यानें कोणास तरी विचारावें. जुन्या इमारतीशीं माणसाची ओळख या विचारण्यापासूनच होते.